शून्य, लाभ, एक

रविवार, २० जानेवारी १९८५, सकाळचे सव्वानऊ. रामदासपेठेतल्या एका बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्राध्यापिका इंदुमती बारापात्रे आपल्या मोटारीचा टायमिंग बेल्ट बदलायला उभ्या राहिल्या. पदर कमरेला खोचलेला, वरून खाकी रंगाचा ढगळ पुरुषी शर्ट, अंबाड्यात खडू. शेडच्या दाराशी लोखंडी खुर्चीवर त्यांचे धाकटे भाऊ, धान्याचे दुकानदार नामदेवराव, बसले होते. उमरेडहून पहिल्या एसटीने ते आले होते आणि येताना संत्र्यांची पिशवी घेऊन आले होते. पट्टा नीट बसला तर बाई आजवर राहत होत्या तशाच नागपुरात एकट्या राहणार होत्या. नाही बसला तर गाडी विकून भावाच्या घरी उमरेडला जाणार होत्या. अट बाईंनीच घातली होती. साक्षीदार म्हणून त्यांनी मला बोलावले होते, कारण, त्यांच्याच शब्दांत, "भाऊ माया करतो, त्याचं निरीक्षण ग्राह्य नाही."

मी त्यांची विद्यार्थिनी. बी.एस्सी.ची तीन वर्षे त्यांनी मला पदार्थविज्ञान शिकवले. एम.एस्सी. झाल्यावर बंगलोरच्या एका संस्थेत संशोधनासाठी अर्ज करायचा म्हणून मी त्यांच्याकडे जात राहिले. त्यांच्या आयुष्याची संपूर्ण हकीकत मला ठाऊक नाही आणि जी आहे ती येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. मला त्यांच्या सवयी ठाऊक होत्या. माणूस ओळखायला तेवढा विदा, म्हणजे तेवढी नोंदलेली माहिती, पुरतो, असे तेव्हा माझे मत होते.

त्यांची सर्वांत त्रासदायक सवय म्हणजे विशेषण ऐकले की "किती?" असे विचारणे. "बाई, आज फार ऊन आहे." "किती?" "बाई, पेपर अवघड गेला." "किती?" स्टाफरूममधल्या इतर बायकांनी त्यांच्यासमोर विशेषणे वापरणेच सोडले होते. एकदा मराठीच्या प्राध्यापिका त्यांना म्हणाल्या, "इंदूताई, तुमच्या साडीचा रंग किती सुरेख आहे." बाई म्हणाल्या, "प्रश्न तुम्हीच विचारलात, आता उत्तरही तुम्हीच द्या." चहा त्या निवू देऊन पीत. गरम चहाने जीभ भाजते आणि मग अर्धा तास चवीचे कुठलेही निरीक्षण विश्वासार्ह राहत नाही, असे त्यांचे कारण होते. विद्यार्थिनींना त्या आडनावाने हाक मारीत. आमच्या वर्गात मी मेश्राम होते, आणि त्या हाकेत माझे आडनाव पहिल्यांदाच मला केवळ आडनावासारखे ऐकू आले. एवढ्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

पहिल्या वर्षाच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला लंबक असे. वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा आणि त्याला वीसने भागायचे. पहिल्या दिवशी आमच्यातल्या एकजात सगळ्या मुलींनी लंबक सुटताक्षणी "एक" म्हटले. बाईंनी सर्वांची घड्याळे थांबवली.

"लंबक सुटला, तेव्हा किती आंदोलनं झाली होती?"

वर्गभर नजर फिरवून त्याच पुढे म्हणाल्या,

"एकही नाही. मग एक कशाला म्हणता? अजून काहीच घडलेलं नाही हे कबूल करायला शिका. त्या कबुलीला शून्य म्हणतात. एकपासून सुरुवात केलीत तर तुमच्या विसात एकोणीसच आंदोलनं असतील, आणि कितीही वेळा मोजलंत तरी एकोणीसच असतील."

मग त्यांनी फळ्यावर दोन प्रकारच्या चुका लिहिल्या. एक हाताच्या थरथरीने, डोळ्याच्या पापणीने होणारी. ती कधी इकडे जाते, कधी तिकडे, आणि पुष्कळ वेळा मोजून सरासरी काढली की बरीचशी विरून जाते. दुसरी मोजणाऱ्याच्या पद्धतीतच बसलेली. ती दर वेळी त्याच बाजूला, तेवढीच होते. "तिच्यावर सरासरीचा उपाय नाही," त्या म्हणाल्या. "ती स्वतःला ऐकू येत नाही. दुसऱ्याने दाखवावी लागते. आणि दाखवल्यावरही जात नसेल, तर सरासरी काढत बसायचं नाही. उपकरण बदलायचं."

त्याच तासाला, एरवी स्वतःविषयी कधी न बोलणाऱ्या बाई, आपल्या वडिलांविषयी बोलल्या. वडील उमरेडच्या धान्यबाजारात मापाडी होते. पायलीने धान्य मोजून पोत्यात ओतायचे आणि मोठ्याने आकडा म्हणायचा, हे त्यांचे काम. त्यांच्या मोजणीत "एक" नव्हता. पहिल्या मापाला "लाभ" म्हणायचे, मग "दोन", मग "तीन". एक हा शब्द एकटा, कमनशिबी. त्याने रास सुरू करू नये, असा बाजाराचा रिवाज. "माझ्या वडिलांचं माप कधी चुकलं नाही," बाई म्हणाल्या, "कारण लाभ म्हणजे एकच, हे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही माहीत होतं. पण प्रयोगशाळेत लाभ चालत नाही. मी उमरेड सोडलं तेव्हा तो शब्द तिथेच ठेवून आले." वर्गातल्या निम्म्या मुली हसल्या. ज्यांच्या घरी अजून पायली होती, त्या हसल्या नाहीत.

शब्दाबरोबर त्यांनी बोलीही उमरेडला ठेवली होती. वर्गात त्यांचे मराठी इतके स्वच्छ असे की त्यांना पुण्याच्या समजण्याची चूक नव्या मुली हमखास करीत. केवळ नामदेवराव आले की दारातूनच "काहून उशीर केला गा नामा?" असे ऐकू येई, आणि आत शिरलेली विद्यार्थिनी दिसली की तेच वाक्य दुरुस्त होऊन पुन्हा येई: "उशीर का झाला?"

मोटार त्यांनी १९७८ मध्ये घेतली. उमरेडजवळच्या कोळसा खाणीत यंत्रे बसवायला आलेला एक परदेशी अभियंता मायदेशी परतताना आपली लहानशी गाडी विकून गेला. त्या गाडीच्या इंजिनात, आपल्याकडच्या त्या वेळच्या गाड्यांसारखी साखळी नव्हती, दातेरी रबरी पट्टा होता. इंजिनाचा खालचा दांडा फिरतो, आणि त्याच्या तालावर वरच्या झडपा उघडायच्या व मिटायच्या असतात. तो ताल हा पट्टा राखतो. साखळी सैल झाली की आवाज करते, मालकाला आधी कळवते. पट्टा कळवत नाही. तो एके दिवशी तुटतो. म्हणून तो ठरावीक मुदतीने, काही बिघडलेले नसतानाच बदलायचा असतो. अभियंत्याने दोन पट्टे शिल्लक ठेवले होते आणि कसे बदलायचे ते बाईंना एका दुपारी दाखवले होते.

त्यांनी आधी एका मिस्त्रीला दाखवून पाहिले. त्याने झाकण काढले, आत बोट फिरवले आणि आपल्या जोडीदाराला हाक मारली. "ये गा, पाहून घे. बाईच्या गाडीत कोनं तं शिलाई मशीनचा पट्टा बसवून ठेवला." जोडीदाराने गंभीरपणे विचारले, "मंग पायडल कुठं हाये?" बाईंनी दोघांना चहा पाजला, गाडी घरी आणली आणि त्या दिवसापासून तिला कोणा परक्याचा हात लागू दिला नाही. एक पट्टा त्यांनी १९८१ मध्ये स्वतः बदलला. त्या वेळी मी त्यांच्याकडे जात नव्हते, पण पुढे तो प्रसंग त्यांनी मला इतक्या तपशिलाने सांगितला की मीही तेथे होते असे कधी कधी वाटते.

तपशील असा की, वरच्या चक्राची जागा दाखवणारी जी खूण इंजिनाच्या पत्र्यावर असते, तो पत्र्याचा तुकडाच तुटून गेलेला होता. त्यामुळे एकच मार्ग उरला होता. खालच्या चक्रावरच्या खुणेपासून वरच्या चक्रावरच्या खुणेपर्यंत पट्ट्याचे दात मोजायचे. ते त्रेचाळीस हवेत. बेचाळीस नको, चव्वेचाळीस नको. एक दात चुकला तरी इंजिन सुरू होते, पण लंगडते. झडपा आपल्या वेळेला उघडत नाहीत. श्वास घ्यायच्या क्षणी माणूस बोलायला लागावा तसे काहीसे होते.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात की चौऱ्याऐंशीच्या, बाईंना विसर पडायला नेमकी केव्हा सुरुवात झाली हे मला सांगता येत नाही. येथे माझा विदा अपुरा आहे. पहिली नोंद मी केली ती चुकांच्या प्रकारांवरच्या त्या व्याख्यानाची. मी तेव्हा त्यांना प्रयोगशाळेत मदत करीत असे. त्यांनी ते व्याख्यान पहिल्या वर्षाच्या मुलींना सोमवारी दिले आणि मंगळवारी पुन्हा दिले, त्याच विनोदांसह, त्याच जागी थांबून. मुली आदराने गप्प बसल्या. बुधवारी त्या तिसऱ्यांदा फळ्याकडे वळल्या तेव्हा मी जवळ जाऊन हळूच सांगितले. त्यांनी खडू खाली ठेवला. मग वर्गाकडे वळून म्हणाल्या, "पुनरावृत्तीने चूक कमी होते." मुली मनापासून हसल्या. मीही हसले. बाई हसल्या नाहीत.

डॉक्टरांकडे त्यांना मीच घेऊन गेले. रामदासपेठेत डॉक्टरांची वाण नाही. आम्ही गेलो त्या डॉक्टरांनी हातोडीने गुडघे तपासले, उलटे आकडे म्हणायला लावले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "थोडं विस्मरण आहे बाई. हळूहळू वाढेल."

"थोडं म्हणजे किती? आणि हळूहळू म्हणजे किती वेगाने?"

डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले. मी त्यांच्याकडे पाहिले नाही. प्रश्न मला योग्य वाटत होता. बाईंनी फी दिली, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चांगला माणूस आहे. पण त्याच्याकडे एककच नाही."

डिसेंबरात त्या नामदेवरावांना गाडीत घेऊन उमरेडला निघाल्या होत्या. वाटेत पट्टा तुटला. गाडी शांतपणे थांबली. पट्टा बदलायची मुदत केव्हाच उलटून गेली होती. बाई मात्र ठामपणे सांगत राहिल्या की मागच्याच वर्षी आपण तो बदलला आहे. डिकीतल्या डब्यात दुसरा नवा पट्टा कागदात गुंडाळलेला तसाच होता. नामदेवरावांनी डबा उघडून त्यांच्यासमोर धरला. सुदैवाने त्या इंजिनाची रचना अशी होती की पट्टा तुटला तरी झडपा वाकत नाहीत. गाडी ट्रकमागे दोर बांधून नागपुरात आणली गेली.

"आता तू माह्याकडं चाल अक्का," नामदेवराव म्हणाले. "गॅस चालू राहिला तं? रात्री कुठं गेली तं?"

"पट्टा मी बसवते," बाई म्हणाल्या. "एकटी. नीट बसला तर मी इथेच राहणार. नाही बसला तर तू म्हणशील तिथे."

मला त्या अटीत तर्कदोष दिसत होता. इंजिनाचा पट्टा बसवता येणे आणि गॅस बंद करणे लक्षात राहणे यांचा परस्परसंबंध सिद्ध झालेला नव्हता. मी तसे बोलूनही दाखवले. बाई म्हणाल्या, "मेश्राम, स्वतःला मोजायला माझ्याकडे दुसरं उपकरण नाही."

तर, वीस जानेवारी. बॅटरीची तार सुटली, पंख्याचा पट्टा निघाला, झाकण निघाले. त्यांच्या हातांत कोठेही संकोच नव्हता. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून त्यांनी त्या भोकात विणकामाची सुई सोडली आणि पाना घालून खालचे चक्र इंचाइंचाने फिरवले. पिस्टन वर येऊ लागला तशी सुई वर आली. ती थांबून पुन्हा खाली जाणार त्या टोकाला बाईंनी हात थांबवला. इतके सुंदर काम मी नंतर मोठ्या प्रयोगशाळांतही फार पाहिलेले नाही. नामदेवराव संत्रे सोलत होते. "इतक्या वेळात तं मी अर्धं दुकान मोजलं असतं," ते म्हणाले.

"तुझं दुकान आहेच केवढं," बाई सुईवरून नजर न काढता म्हणाल्या.

मग त्यांनी नवा पट्टा टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवला आणि अंबाड्यातला खडू काढला. एका दातावर पांढरी रेघ ओढून त्या मोठ्याने मोजू लागल्या.

"शून्य. लाभ. एक. दोन. तीन..."

मोजणी चालू असताना बोलायचे नाही, हा त्यांचाच नियम. त्रेचाळिसावा म्हणून त्यांनी ज्याच्यावर दुसरी रेघ ओढली, तो दात चव्वेचाळिसावा होता.

"बाई, पुन्हा एकदा मोजता का?"

त्यांनी मोजले. शून्य, लाभ, एक. रेघ त्याच दातावर आली. मी काही बोलण्याआधीच त्यांनी तिसऱ्यांदा मोजले आणि समाधानाने मान वर केली. "तीन वेळा तेच आलं."

"बाई, तुम्ही शून्यानंतर लाभ म्हणता, आणि मग पुन्हा एक म्हणता. एक दात जास्त धरला जातो."

"मी लाभ म्हणत नाही." आवाज वर्गातला होता. "तीस वर्षांत म्हटलेला नाही." मग त्या भावाकडे वळल्या. "नामा, म्हटलं का गा मी?"

नामदेवरावांच्या हातात संत्र्याची फोड होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग बहिणीकडे. "नाई वं अक्का," ते म्हणाले. "म्या तं नाई आयकलं."

बाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली, उत्तर चुकलेल्या हुशार मुलीकडे पाहून हलवीत तशी. पट्टा बसवला, ताण देणारे चाक घट्ट केले, झाकण लावले. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झाले.

नामदेवराव उठून उभे राहिले. आपण हरलो म्हणून एवढा आनंदलेला माणूस मी पाहिला नव्हता. "झालं ना वं. मले आता दीडची गाडी भेटते. तू राहा आपली इथं, म्या येत जाईन."

"बस," बाई म्हणाल्या.

त्यांनी बॉनेटवर तळहात टेकला आणि डोळे मिटले. इंजिन चालत होते, पण दर थोड्या वेळाने अडखळत होते. नामदेवरावांना ते ऐकू येत नव्हते. मला ऐकू येत होते, पण मी वाट पाहत होते म्हणून. बाईंना ते तळहाताला कळले.

"एक दात चुकला आहे," त्या म्हणाल्या, आणि किल्ली बंद केली.

"चालू तं हाये," नामदेवराव म्हणाले. "आता अजून काय पायजे तुले?"

"चालू आहे आणि बरोबर आहे यात फरक आहे गा."

दुपारभर हेच चालले. त्यांनी पट्टा काढला, खुणा पुसल्या, नव्याने मोजले. शून्य, लाभ, एक. बसवला, सुरू केला, तळहात टेकला, बंद केला. पुन्हा काढला. आपण मघाशी मोजले होते हे त्यांच्या लक्षात राहत होते. कसे मोजले, ते मात्र दर वेळी कोरे. नामदेवरावांनी आणलेली भाकरी तशीच राहिली. एकदा ते बाहेर माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "पोरी, तू सांगून दे ना तिले. म्या खोटं बोललो मघा."

"मी सांगितलं होतं, काका."

"मंग ते काहून मानून नाई राहिली?"

मी त्यांना चुकांचे दोन प्रकार समजावून सांगू शकले असते. सांगितले नाहीत.

चौथ्या वेळी बाई मध्येच थांबल्या. पट्टा हातात, खडू पहिल्या दातावर. मग त्यांनी खडूचे दोन तुकडे केले आणि एक माझ्याकडे दिला.

"मी जे म्हणेन ते शेडच्या दारावर लिही. जसंच्या तसं. अर्थ लावू नकोस."

हिरव्या पत्र्याच्या दारावर मी लिहीत गेले. त्या दहापर्यंत मोजून थांबल्या, खाली ठेवलेला चष्मा उचलून लावला आणि दाराजवळ आल्या. शून्य, लाभ, एक, दोन, तीन. त्यांनी ते, प्रात्यक्षिकाच्या वह्या वाचत त्याच संथपणे, वाचले. दुसऱ्या शब्दाखाली बोट ठेवले.

"हे मी म्हटलं?"

"हो बाई."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

नामदेवराव काही बोलायला गेले, पण बाईंनी हात वर केला. प्रयोगशाळेत गोंगाट झाला की करीत, तसाच. मग टेबलावरचा पट्टा उचलून माझ्या हातात दिला. "तू मोज."

मी त्रेचाळीस दात मोजले. रेघ मी ओढली. पट्टा आम्ही दोघींनी मिळून चढवला. त्यांनी चक्रे धरली, मी सरकवला. गाडी सुरू झाली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. आता इंजिन एका सुरात चालत होते. बाईंनी तळहात टेकला, डोळे मिटले आणि नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ तसाच ठेवला. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे मला पाहायचे नव्हते, म्हणून मी हत्यारे पुसत बसले.

"आता तं एकदम बराबर," नामदेवराव म्हणाले. "मले बी समजून राहिलं. अक्का, तू जिंकली."

बाईंनी किल्ली काढली आणि भावाच्या हातावर ठेवली.

"पट्टा नीट बसला. मी नाही बसवला."

"तसं काहून म्हणतं वं. म्या अट सोडली. सोडली, झालं."

"ती तू घातलीच कुठं होती, सोडायला." मग त्या माझ्याकडे वळल्या. मला वाटले, त्या आता उपकरण बदलण्याचे ते जुने वाक्य म्हणतील. त्यांनी म्हटले नाही. त्या म्हणाल्या, "मेश्राम, हात धुऊन घे. तेल साबणाने निघत नाही, आधी राख लाव."

गाडी पंधरवड्यात विकली गेली. घेणाऱ्याला मी पट्ट्याविषयी सगळे समजावून सांगितले. त्याने मान डोलावली आणि पहिल्या बिघाडाला तो ती कोणत्या मिस्त्रीकडे नेणार हे मला तेव्हाच कळले. बाईंनी कॉलेजला मुदतपूर्व निवृत्तीचा अर्ज दिला. त्यांच्या निरोपसमारंभात सगळ्यांनी भरपूर विशेषणे वापरली. बाई शांतपणे ऐकत होत्या. एकदाही त्यांनी "किती?" विचारले नाही, आणि त्या शांततेचीच मला अधिक भीती वाटली.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत मी उमरेडला गेले. बंगलोरला माझी निवड झाली होती आणि ते त्यांना सांगायचे होते. नामदेवरावांचे घर दुकानाच्या मागेच. अंगणात तुरीची रास पडली होती. बाई ओट्यावर सतरंजीवर बसल्या होत्या. अंबाडा होता, खडू नव्हता.

"कोनाची पोट्टी वं तू?" त्यांनी विचारले. बोली आता पूर्ण परतली होती. तिच्या मागोमाग येणारे दुरुस्त वाक्य आले नाही.

"मी मेश्राम, बाई. नागपूरची."

"मेश्राम," त्या म्हणाल्या. शब्द ओळखीचा असावा, पण त्याला जोडलेले काही सापडत नसावे. मी बंगलोरचे सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि विचारले, "जेवली का?"

नामदेवरावांनी मला बाजूला घेतले. "आता बरी हाये," ते म्हणाले. माझ्या ओठांवर जो प्रश्न आला तो मी गिळला. "दुकानात काटा हाये, पन म्या बापूची पायली काढली. तिले मोजाले बसवतो. मन लागते तिचं."

ते राशीपाशी उकिडवे बसले. पितळी कड्यांची जुनी लाकडी पायली त्यांनी तुरीत खुपसली, हाताने वर सपाट केली आणि पोत्यात ओतली.

"लाभ," बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या.

नामदेवरावांनी दुसरी पायली भरली. मी दोनची वाट पाहत होते. पायली पोत्यात रिकामी झाली.

"लाभ," बाई म्हणाल्या.

तिसऱ्या पायलीलाही तेच. नामदेवराव मनातल्या मनात मोजत असावेत, कारण त्यांचे ओठ हलत होते. मोजणाऱ्याला दुरुस्त करायचे त्यांनी कधीच सोडून दिले होते. बाईंचा चेहरा एकाग्र होता, प्रत्येक माप पोत्यात पडताना त्या किंचित पुढे झुकत आणि शब्द नेमक्या क्षणी म्हणत. आधी नाही, नंतर नाही. ताल कोठेही चुकत नव्हता. फक्त त्यांच्यापुरती रास दर वेळी नव्याने सुरू होत होती, आणि आधी काहीही घडलेले नव्हते.

नागपूरची एसटी येईपर्यंत मी ओट्याच्या कडेला बसून राहिले आणि सवयीने मोजत राहिले, शून्यापासून. पोते भरले, नामदेवरावांनी त्याचे तोंड शिवायला सुई घेतली. मी उठले. बाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांची नजर रिकाम्या पायलीवर होती, पुढच्या मापाची वाट पाहत.

बसमध्ये मी नोंद केली: मापे, वीस. बाईंची मोजणी, एक.